आतलं पाकीट

सप्टेंबर सरत आला तरी डोंगरातली आग विझली नव्हती. ड्राय फोर्क गावावर सकाळी नऊ वाजतासुद्धा तांबडा, बिनतेजाचा सूर्य लोंबकळत असायचा. घरांच्या पायऱ्यांवर राख पडायची, बायका ती झाडायच्या आणि दुपारपर्यंत ती पुन्हा पडलेली असायची. अशाच एका सकाळी छापखान्याच्या दारात कागदाचा ट्रक येऊन उभा राहिला. एल्डन हॅल्वर्सन खोकत खोकतच बाहेर आला. चाळीस वर्षं शाईचा आणि मशीन पुसायच्या औषधांचा वास हुंगून त्याची छाती कामातून गेली होती, त्यात आता हा धूर. त्याने वरच्या गठ्ठ्याचं वेष्टण नखाने फाडलं, एक ताव ओढून काढला, दोन बोटांत चोळला आणि तोंड वाकडं केलं.

"हा कागद म्हणायचा की टिपकागद?"

"रद्दीपासून केलाय. शंभर टक्के," त्याची बायको लॉर्ना म्हणाली. "यासाठी एकही झाड पाडलेलं नाही."

"एखादं पाडलं असतं तर जरा ताठ तरी उभा राहिला असता."

"उचल आता, बोलू नकोस."

दोघांनी मिळून गठ्ठे आत घेतले. दर दोन गठ्ठ्यांनंतर एल्डन भिंतीला टेकून श्वास घ्यायचा आणि लॉर्ना मुद्दाम दुसरीकडे बघायची. तो दमलेला कोणी बघितलं की त्याला राग यायचा.

कागदाची ही सगळी उठाठेव लॉर्नाचीच होती. काउंटीत निवडणूक टपालानेच होते. मतपत्रिका घरी येते, माणूस स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून पेनाने गोल काळा करतो, पत्रिका आतल्या छोट्या पाकिटात घालतो, ते बाहेरच्या पाकिटात घालतो, बाहेर सही करतो आणि पाठवून देतो. ते आतलं पाकीट कचेरीत फोडलं की थेट कचऱ्यात. दोन्ही पाकिटांना आतून निळी नक्षी असायची, आतलं काही दिसू नये म्हणून, आणि त्या नक्षीच्या शाईमुळे ती पाकिटं पुन्हा कागद करायला कोणी घेत नसे. लॉर्नाचा बाप जन्मभर झाडं तोडायच्या कामावर होता. त्याने उघडे केलेले डोंगर बघत ती वाढली, आणि उरलेले आता डोळ्यांदेखत जळत होते. गेल्या हिवाळ्यात ती काउंटीच्या बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली की आतलं पाकीट नको, निळी नक्षी नको, शाई सोयाबीनची वापरा आणि कागद रद्दीचा.  ठराव एकमताने मंजूर झाला. गावच्या पेपरात तिचा फोटो आला, आणि यंदाच्या पाकिटावर कोपऱ्यात एक छोटंसं हिरवं पान छापायचं ठरलं. ते पान तिनेच काढलं होतं. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा!

मागच्या खोलीत गेल्या खेपेची आतली पाकिटं बारा खोकी भरून उरली होती. चांगली जाड, आतून निळी. एल्डन ती फेकायला निघाला तर तिने तीही फेकू दिली नाहीत.

"कशाला ठेवायचीत?"

"कशाला तरी होतील."

यंदा मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, चौथा ठराव एकटाच होता. बटाट्याच्या कारखान्याने नवी विहीर खणायची नाही आणि धुण्याचं पाणी शेतात सोडायचं नाही, असा तो ठराव. त्या पाण्यामुळे निम्म्या गावाच्या विहिरींना वास यायला लागला होता, आणि त्याच निम्म्या गावातलं घरटी एक माणूस त्या कारखान्यात कामाला होतं. त्यामुळे ठरावाचं नाव कोणी काढत नव्हतं. किराणा दुकानात, चर्चच्या पायरीवर सगळे धुराविषयी बोलायचे.

क्लेटन रस्क तेवढा चेष्टा करायचा. तो कारखान्याच्या बॉयलरवर एकतीस वर्षं होता, हॅल्वर्सनांच्या घरापासून तिसरं घर त्याचं. एल्डन वाया गेलेल्या कागदाच्या टिपणवह्या बांधायचा, त्या न्यायला तो दर महिन्याला यायचा. त्याच्या गाडीत मागे पाण्याचे सहा कॅन कायम. घरची विहीर त्याने वसंतातच बंद केली होती.

"लॉर्ना, गोलसुद्धा तूच काळे करून पाठव ना," तो म्हणाला. "तेवढीच पेनाची शाई वाचेल. झाडांना बरं."

"आणि मार्था काय म्हणेल?"

"मार्थाला कधी कळलंय मी कुणाला मत देतो ते? एकतीस वर्षांच्या संसारात तेवढी एकच गोष्ट लपवून ठेवलीय बघ. बाकी सगळं ती खिसे तपासून काढून घेते."

एल्डन हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. क्लेटनने त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, वह्या काखेत मारल्या आणि तो निघून गेला.

*

छपाईला बारा दिवस लागले. सोयाबीनची शाई सावकाश वाळते. त्यात धूर आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद, त्यामुळे ताव एकमेकांना चिकटायचे. लॉर्ना ते हाताने सुटे करायची. बोटांची टोकं फाटली, तिने त्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. पण खरी अडचण आली ती घडीच्या मशीनवर. मऊ कागद रुळात जाई, दुमडे आणि चुरगळून बाहेर पडे. एल्डनने रूळ सैल केले, आवळले, पुसले. मशीनला शिव्या घातल्या, आणि मशीन बनवणाऱ्याच्या आईलाही. दुपारी त्याने पत्रिका उलटी करून घातली. सरसर गेली. पुन्हा घातली. गेली.

"हे बघ. पाठ वर ठेवून घातलं की जातं."

"मग तशीच घाल," लॉर्ना म्हणाली. तिच्यामागे एस्तेला बरागान आणि आणखी तिघी बायका पाकिटं भरायला खोळंबल्या होत्या.

त्या छापखान्यात एक रीत होती. एल्डनच्या आजोबांपासून चालत आलेली. कुठल्याही कामाचा पहिला नग खिडकीच्या उजेडाला धरून बघितल्याशिवाय पुढचा छापायचा नाही. लॉर्नाने पाकिटात घातलेली पहिली कोरी मतपत्रिका खिडकीपाशी नेली आणि वर धरली. सोयाबीनची शाई फिकट, कागद राखाडी. आत धूसर ओळी असल्याचं जाणवत होतं, पण एक अक्षर लागत नव्हतं. तिने एल्डनला दाखवलं. त्यानेही चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

दोघांनी आपली छपाई तपासली होती. मतदाराचं पेन काही त्यांनी तपासलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर टपालाची गाडी आली आणि सगळे ट्रे घेऊन गेली. जवळजवळ चार हजार पाकिटं. त्या दिवशी वारा फिरला आणि कारखान्याच्या पाण्याचा आंबूस वास गावभर पसरला. लॉर्नाने फडक्याने मशीन पुसलं आणि बऱ्याच दिवसांनी दुपारची जरा आडवी झाली.

*

चार दिवसांनी एस्तेला आली. ती हंगामात इथे पाकिटं भरायची, पण एरवी कारखान्यात वेफर्सच्या तपासणीवर असायची. काचेचं लांब टेबल, खालून दिवा, वर बटाट्याच्या पातळ चकत्या पसरलेल्या. ज्या चकतीत काळा डाग दिसेल ती उचलून टाकायची. दिवसाचे आठ तास तिचं तेच काम. कपाळावर पांढऱ्या टोपीचा वळ अजून तसाच होता. वसंतात तिला नागरिकत्व मिळालं होतं, हे तिचं पहिलं मत. पाकीट तिने स्वच्छ रुमालात गुंडाळून आणलं होतं.

"सही बरोबर जागी केलीय ना बघ गं. पहिल्यांदाच करतेय, चुकायला नको."

लॉर्नाने पाकीट घेतलं. छापखान्यातल्या माणसाच्या हातात कागद आला की हात आपोआप खिडकीकडे जातो. तिचाही गेला. त्या दिवशी धूर पातळ होता, ऊन आत आलं होतं. त्या उन्हात पाकिटाच्या पाठीवर एक काळा ठिपका स्पष्ट उमटला. वर एस्तेलाची वळणदार सही, आणि तिच्याखाली तो ठिपका.

"काय झालं?" एस्तेलाने विचारलं.

"काही नाही. सही छान आलीय."

"मग तूच टाक कचेरीत. टपालपेटीवर माझा विश्वास नाही." एस्तेला हसली. "आईला फोन करून सांगितलं मी. म्हटलं, आई, आज मी मत दिलं. ती रडायलाच लागली."

ती गेली तसं लॉर्नाने उजेडाचं टेबल लावलं. छापखान्यातही तसंच एक टेबल होतं, छपाई सरळ आली का बघायला. कोऱ्या मतपत्रिकेचं एक पाकीट तिने काचेवर ठेवलं आणि शेजारी स्वतःचं. तिच्यातही ठिपका होता, एस्तेलाच्याच जागी. चौथा ठराव, वरचा गोल, हो. पत्रिका उलटी घातल्यामुळे घडी उलटी पडली होती. तळाचा तो भाग आत जायचा, तो बाहेर आला होता, थेट पाकिटाच्या कागदाला चिकटून. मतदार घरी गोल काळा करून त्याच मोडीवर परत घडी घालणार, दुसरं काय करणार? अक्षर वाचायची गरजच नव्हती. ठिपका वरच्या गोलात की खालच्या, एवढं बघितलं की झालं.

घड्याळाखाली एल्डनचं पाकीट ठेवलेलं होतं, बंद करून, सही करून. तिला ते बघायचं नव्हतं. पण हात गेलाच. ठिपका खालच्या गोलात होता.

 पंचवीस वर्षं एका टेबलावर जेवलेला माणूस. घरच्या नळाच्या पाण्याने चूळ भरून थुंकणारा माणूस. त्याने कारखान्याच्या बाजूने मत दिलं होतं आणि हे तिला कधी कळायचं नव्हतं. आपण त्याच्या खिशात हात घातल्यासारखं तिला वाटलं. तिला लाज वाटली आणि रागही आला, आणि आधी काय आलं ते तिला सांगता आलं नसतं.

"एल्डन," तिने हाक मारली. "इकडे ये."

तो आला, त्याने बघितलं. तिन्ही पाकिटं बघितली. आपलंही ओळखलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"त्यांच्या पोत्यांची लेबलं आपणच छापतो," तो शेवटी म्हणाला.

"मी काही विचारलं का?"

"नाही. पण तू बघितलंस."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. लॉइड पर्किस आत आला. कारखान्याचा मुकादम, तपासणीच्या टेबलांवर डाग वेचत वेचत वर चढलेला माणूस. बोलायला मऊ, कधी आवाज चढवायचा नाही. लेबलांचा नमुना न्यायला आला होता. एल्डन नमुना आणायला आत गेला. लॉर्नाने घाईघाईने एस्तेलाचं आणि एल्डनचं पाकीट एप्रनच्या खिशात कोंबलं. स्वतःचं मात्र काचेवरच राहिलं, कोऱ्याच्या शेजारी, आणि खालचा दिवा चालू.

पर्किस टेबलापाशी थांबला. हात मागे बांधून, मान जराशी वाकवून त्याने खाली बघितलं. दोन श्वासांपुरतं, जास्त नाही.

"कागद छान पातळ आहे हो तुमचा," तो म्हणाला.

लॉर्नाने दिवा बंद केला. पर्किसने लेबलाचा नमुना घेतला, टोपीला हात लावला आणि तो गेला. 

*

जुडिथ कॅपर्स काउंटीच्या निवडणूक कचेरीची मुख्य. शाळेत लॉर्नाच्या बाकावर बसायची. तिने लॉर्नाचं पाकीट खिडकीला धरलं, खाली ठेवलं, दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसली.

"कुणाकुणाला माहितीय?"

"मला आणि एल्डनला. आणि बहुतेक पर्किसला."

"बहुतेक म्हणजे?"

"टेबलाचा दिवा चालू होता."

जुडिथने डोळे मिटले. "हे बघ, लॉर्ना. आज मी हे जाहीर केलं तर काय होईल सांगू? कारखान्याचे वकील उद्या कोर्टात उभे राहतील. निवडणूक रद्द करा म्हणतील. आणि होईल ती रद्द. मग ठराव पुन्हा येणार दोन वर्षांनी. तोवर त्यांच्या नव्या विहिरी खणून झालेल्या असतील."

"आणि नाही जाहीर केलं तर?"

"इथे पाकिटं मी आणि माझी एक मदतनीस, दोघीच हाताळतो. पडदे ओढून घेईन. अठरा दिवस. अठरा दिवस तोंड बंद ठेव. तुझ्या हिरव्या पानाचीही अब्रू राहील."

हिरव्या पानाचं नाव जुडिथने काढायला नको होतं. पण तिने काढलं, आणि लॉर्नाला ते लागलं आणि पटलंही. तिने एस्तेलाचं पाकीट जुडिथच्या हातात दिलं, तिला वचन दिलं आणि ती घरी आली. वाटेत तिला हलकं वाटत होतं. आपण सांगायला गेलो, आपलं काम केलं, असं ती स्वतःला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्किसचा फोन आला. चाळीस पोस्टरं हवी होती. मजकूर त्याने सावकाश सांगितला आणि एल्डनने लिहून घेतला. कारखान्याच्या जेवणघरात मतांची पेटी ठेवली आहे, सर्वांनी आपली पाकिटं तिथेच टाकावीत, कारखान्याची एक गाडी ती कचेरीत पोचवील, दोनशे गाड्यांचं पेट्रोल वाचेल आणि हवा स्वच्छ राहील.

"आणि तुमच्या मिसेसचं ते हिरवं पान टाका वर," पर्किस म्हणाला. "कल्पना तिच्यावरूनच सुचली."

लॉर्नाने कागदावरचा मजकूर दोनदा वाचला. "नाही छापायचं."

"पेटी ठेवायला कायद्याने मनाई नाही," एल्डन म्हणाला.

"त्याला दिसलंय, एल्डन."

"तुला कसं माहीत? आणि नाही म्हणून काय कारण सांगू त्याला? कारण सांगितलं की सगळंच सांगावं लागेल. तूच वचन देऊन आलीस ना?"

 पोस्टरं छापली गेली. पान टवटवीत उठलं होतं. तिने ती मोजून बांधली आणि पर्किसच्या माणसाच्या हातात दिली. त्या आठवड्यात ती दोनदा क्लेटनच्या घरावरून गेली. एकदा तो अंगणात कॅन उतरवत होता आणि त्याने हात केला. तिनेही केला आणि पुढे गेली. अठरा दिवसांतले सात गेले, असं ती मनात म्हणाली.

*

शनिवारी दुपारी एस्तेला मागच्या दाराने आली. ती बसली नाही. सिंकपाशी उभी राहिली आणि नळ सोडून हात धुवायला लागली. धूतच राहिली.

"परवा मला चहाच्या सुट्टीत थांबवून घेतलं," ती म्हणाली. "पर्किससाहेबांनी. टेबलावरच्या चकत्या काढायला लावल्या. काच पुसायला लावली. मग पेटी आणली."

लॉर्नाने नळ बंद केला.

"म्हणाले, तुझे डोळे सगळ्यात चांगले. डाग वर असेल तर डावीकडे ठेव, खाली असेल तर उजवीकडे. दुसरं काही सांगितलं नाही. मला आधी कळेना. मग पहिलं पाकीट काचेवर ठेवलं आणि कळलं."

"तू काय केलंस?"

"काय करणार? दोन पोरं आहेत मला. सगळी उजवीकडे ठेवली. वरचा डाग असला तरी उजवीकडे. क्लेटनचं आलं, तेही उजवीकडे ठेवलं. पासष्ट पाकिटं." तिने ओले हात स्कर्टला पुसले. "ते मागेच उभे होते.  माझं झाल्यावर सगळी परत घेतली आणि स्वतः एकेक काचेवर ठेवली. वर डाग असलेली सात निघाली. माझ्याकडे बघून म्हणाले, एस्तेला, आज तुझे डोळे दमलेत. सोमवारपर्यंत विश्रांती घे."

"त्या सातांना काढतील. तुलाही?"

"मला नाही काढणार. एवढं सगळं बघितल्यावर मला काढून कसं चालेल?" एस्तेलाने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "त्या दिवशी तू माझं पाकीट खिडकीशी धरलंस. तेव्हाच तुला दिसलं होतं ना?"

लॉर्नाने नळ पुन्हा आवळला.

"माझं तू कचेरीत नेऊन दिलंस. माझं वाचलं. पण मी जाऊन सगळ्यांना सांगितलं, टाका टाका, सोपं आहे, सही नीट करा म्हणजे झालं. एक शब्द बोलली असतीस तर? एवढाच की पेटीत टाकू नका."

ती आली तशी मागच्या दाराने गेली. सिंकमध्ये नळ ठिबकत होता. लॉर्नाला वाटलं, तिच्यामागे धावावं, पण धावून सांगायचं काय? अठरा दिवसांची गोष्ट? हिरव्या पानाची?

तिने कचेरीत फोन लावला. कचेरी बंद होती. निरोपाच्या यंत्रावर ती एवढंच बोलली, "जुडिथ, मी आता गप्प बसणार नाही." मग मागच्या खोलीत जाऊन तिने जुन्या आतल्या पाकिटांचं पहिलं खोकं ओढून बाहेर काढलं. ते जड होतं. ती ते फरशीवरून घासत मशीनपर्यंत आणायला लागली. एल्डन दारात आला.

"काय करतेस?"

"यांवर छापायचं आहे. घडी उलटी करा, पत्रिका या पाकिटात घाला, मग बाहेरच्यात. आणि खाली कारणही छापायचं. ज्यांनी अजून टाकलं नाही त्यांचं तरी वाचेल."

"लेबलांचं काम जाईल."

"जाईल."

"काउंटीचंही."

"तेही जाईल. तुझं मत वेगळं आहे, मला माहितीय. तू नको हात लावूस. मी करते."

एल्डनने खोक्याकडे बघितलं. खाली वाकला. खोकला आला तो त्याने दाबला आणि खोक्याची दुसरी बाजू धरली.

"माझं मत वेगळं आहे," तो म्हणाला. "पण ते तुला दिसायला नको होतं. कुणालाच दिसायला नको होतं. उचल."

रविवारी दिवसभर मशीन चाललं. चर्चला जाणाऱ्या गाड्या खिडकीवरून गेल्या. पहिलं पाकीट लॉर्नाने उजेडाला धरलं, आणि या खेपेला आत पेनाने काळा केलेला कागद घालून धरलं. काही दिसत नव्हतं.

*

सोमवारी सकाळी पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी दोघं कारखान्याच्या फाटकापाशी पोचले. धूर खाली उतरला होता आणि घसा खवखवत होता. गाडीच्या मागच्या फळीवर चार खोकी उघडी ठेवून लॉर्ना पाकिटं घेऊन उभी राहिली. लोक डबे घेऊन येत होते. ती हात पुढे करायची, ते तिच्या हाताकडे बघायचे आणि मग वर, ऑफिसच्या काचेकडे. काचेआड पर्किस कॉफीचा कप घेऊन उभा होता. बहुतेक जण बाजूने निघून गेले. दोन बायकांनी पाकीट घेतलं आणि चालता चालता ब्लाउजच्या आत सरकवलं. एकाने घेतलं, वाचलं आणि परत आणून दिलं. म्हणाला, "बाई, माझ्याकडे कोणी बघितलं नाही ना?"

एस्तेला आली. केस टोपीखाली घट्ट बांधलेले. लॉर्नाने पाकीट पुढे केलं नाही, नुसती तिच्याकडे बघत राहिली. एस्तेला समोर बघत गेली. तिने कार्ड लावलं, फाटकाचा हिरवा दिवा लागला आणि ती आत गेली.

सात जणांना दिवा लागला नाही. पहारेकऱ्याने त्यांना एकेक चिठ्ठी दिली. हंगाम लवकर संपल्यामुळे कामावरून कमी करत आहोत, असं त्यात लिहिलेलं होतं. ते सात जण फाटकाबाहेर कुंपणापाशी डबे धरून उभे राहिले. कोणी ओरडलं नाही. आपल्याला एकत्र कशाने आणून उभं केलंय हे ते एकमेकांच्या चेहऱ्यांवर शोधत होते.

त्यांच्यात क्लेटन होता. तो सावकाश चालत गाडीपाशी आला. लॉर्नाने त्याच्या हातात पाकीट दिलं. त्याने चष्मा लावला आणि सगळं वाचलं, खालचं कारणही. वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला. तो काही म्हणेल, शिवी तरी देईल, म्हणून ती वाट बघत होती.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"दहा दिवस झाले."

"मी गेल्या बुधवारी पेटीत टाकलं." तो पाकीट उलटंसुलटं करत राहिला. "मग आता यात मी काय घालू, लॉर्ना?"

 एल्डनने मान खाली घातली. क्लेटनने खिशातून कारखान्याची चिठ्ठी काढली. छापलेली बाजू आत येईल अशी तिची नीट घडी घातली, ती पाकिटात सरकवली, गोंदाला जीभ लावली आणि अंगठ्याने दाबत दाबत पाकीट बंद केलं. मग ते तांबड्या सूर्यासमोर धरून तो एक डोळा बारीक करून बघत राहिला.

"काहीच दिसत नाही," तो म्हणाला. "चांगलं पाकीट होतं हे."